मधलं नाव

कर्जतला तहसील कचेरीच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि अलीकडे ऑनलाइन अर्ज. तालुक्यातल्या किती माणसांची कागदपत्रं माझ्या काचेवर पालथी पडलीत, याला हिशेब नाही. त्यामुळे मला एक सवय लागलीय. माणूस दारात आला की मला आधी त्याचं कार्ड आठवतं, मग तो. आमच्याकडच्या बहुतेक म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनला असतो, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तो तसा लिहून टाकला. असली माहिती माझ्याकडे पुष्कळ आहे, आणि त्यामुळे मी जरा तोऱ्यातही असते. कुणी काकुळतीला येऊन कागद पुढे केले की मी "ठेवा इथं, बघते" म्हणते. आमचे हे मला घरी कधीकधी मामलेदारीण म्हणून चिडवतात.

म्हणून सासूबाईंनी जेव्हा स्वतःचं खातं काढून मागितलं, तेव्हा मला तो हातचा मळ वाटला. "उद्या संध्याकाळपर्यंत काढते," म्हटलं. ते ज्येष्ठातलं बोलणं. खातं निघालं तेव्हा भात कापून, झोडून, घरात येऊन पडलं होतं.

आम्ही पळसदरीला राहतो. सासरे गेल्यापासून शनिवार-रविवारी सासूबाई धरणाच्या वाटेवर पाटी घेऊन बसतात. पावसाळ्यात काकड्या आणि भाजलेली कणसं, थंडीत वालाच्या शेंगा, मधल्या दिवसांत जे परसात असेल ते. घरात बसून करू काय, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांना घरात बसलेलं मीही कधी पाहिलेलं नाही. मुंबईहून धरणावर येणारी माणसं आता पैसे बाळगत नाहीत. दोन काकड्या घेतात आणि विचारतात, "आजी, स्कॅनर आहे?" म्हणून आमच्या ह्यांनी स्वतःच्या खात्याचा स्कॅनर छापून एका काठीला बांधून दिला. छापला अर्थात मीच.

तेव्हापासून पाटी सासूबाईंची आणि पैसे मुलाच्या खात्यात, असं सुरू झालं. संध्याकाळी पाय धुऊन ओट्यावर बसल्या की त्या विचारायच्या, "किती आलं रं आज?" हे फोन बघून सांगायचे. मागितले की द्यायचे. कधी एकदाही नाही म्हणाले नाहीत, आणि हे मी नवऱ्याची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही. पण मागावं लागायचं. मिसरी आणायची तरी, देवाला नारळ आणायचा तरी. आधी चिल्लर त्यांच्या कमरेच्या पिशवीत असायची आणि त्यांनी कुणाला काय दिलं, याची घरात कुणाला खबर नसायची.

मग लोधिवलीचं लग्न आलं. लोधिवली हे सासूबाईंचं माहेर. त्यांच्या सख्ख्या भाच्याचं लग्न होतं. भाच्याला मनगटी घड्याळ आणि भावजयीला एक चांगलं पातळ, असा आहेर त्यांनी मनात ठरवला होता, आणि तेवढे पैसे त्यांनी मुलाकडे मागितले. ह्यांना वाटलं, आईच्या माहेरचं कार्य आहे, आपण दोन पैसे जास्त घालू. त्यांनी परस्पर खोपोलीहून मोठा मिक्सर आणला. मांडवात माइकवरून आहेर पुकारतात तसा तो पुकारला गेला, तोही ह्यांच्या नावानं. सगळ्यांनी वळून ह्यांच्याकडे बघितलं. हे खुशीत होते. सासूबाई पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या, हात मांडीवर. त्यांचा चेहरा मी पाहिला, पण मांडवात काय बोलणार.

परत येताना टेंपोत त्या माझ्या शेजारी होत्या. चौक गाव मागं पडलं. मग म्हणाल्या, "मला माजा सोताचा स्कॅनर काढून दे."

"त्याला आधी खातं लागंल, आई."

"मंग खातं काढ. माजा आहेर मला देता आला पायजे."

सासऱ्यांच्या वेळचं दोघांचं मिळून एक खातं होतं, ते त्यांच्या मागे बंद केलं होतं. कर्जतच्या बँकेत नवं काढायचं तर जिना चढायचा होता आणि सासूबाईंचे गुडघे दोन पायऱ्यांतच कुरकुरतात. पण फोनवर रोज जाहिरात यायची. घरबसल्या खातं, पाच मिनिटांत. जाहिरातीतल्या आजी पांढऱ्याशुभ्र केसांच्या, सोफ्यावर बसून हसणाऱ्या. तसली खाती मी दुकानात तरण्या पोरांना कितीदा काढून दिली होती.

पहिल्याच पायरीला अडलं. खात्यासाठी आधार क्रमांक टाकला की कार्डाला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. कार्ड काढलं तेव्हा घरात एकच फोन होता, सासऱ्यांचा. ते गेल्यावर तो नंबर कुणी रिचार्ज केला नाही, आणि कंपनीनं तो केव्हाच दुसऱ्या कुणाला देऊन टाकलेला. मी मेली शहाणी, त्या नंबरवर फोन लावला. कुणीतरी हिंदीत बोललं, मागं ट्रकचा आवाज. मी म्हटलं, भाऊ, तुमच्या फोनवर आत्ता एक नंबर आला असेल तेवढा सांगा. त्यानं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दिवसभर लोकांना ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बजावणारी मी, आणि एक ट्रकवाला मला चोर ठरवून मोकळा झाला.

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी विचारलं, "त्यांचा नंबर दुसऱ्याला दिला?"

"देतात, आई. वापरला नाय की देतात."

त्या उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या.

मग नंबर बदलायला आधार केंद्रावर गेलो. तिथं अंगठा लावायचा. सासूबाईंचा उजवा अंगठा लागेना, डावा लागेना, मग एकेक करून दहाही बोटं झाली. उभा जन्म भाताची लावणी, भांड्यांना राख आणि चुलीतली लाकडं, बोटांवरच्या रेषा राहणार कुठून. केंद्रावरचा मुलगा सभ्य होता. हात धुऊन या म्हणाला, ओला रुमाल दिला, बोटांवर फुंकर मारायला सांगितलं. शेवटी यंत्रानं डोळे टिपले आणि त्यावर काम भागलं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला होता, तोच डोळा उपयोगी पडला. असल्या अडचणी मला नव्या नव्हत्या. दुकानात रोज कुणी ना कुणी असली बोटं घेऊन येतं.

त्यानंतर पॅन कार्ड. त्यात बायकांनाही वडिलांचं नाव लागतं. मी अर्ज भरता भरता विचारलं, तर सासूबाईंनी स्वतःच्या बापाचं नाव असं काही ठणकावून सांगितलं, की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. नुसतं नाव नाही, आज्याचंही सांगितलं, वर लोधिवलीत घर नेमकं कुठं होतं तेही. "येवढं नाय लागत, आई," मी म्हटलं. "असू दे, लिव," त्या म्हणाल्या. तेव्हा मी हसले होते.

पॅन आलं. आता उरला फक्त व्हिडिओ कॉल. बँकेचा माणूस फोनवर तोंड बघतो, कार्ड दाखवायला सांगतो, डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो, नाव विचारतो, झालं. मी सासूबाईंना चार दिवस शिकवलं. कार्ड कसं धरायचं, अंगठा कुठं नको, मान डावीकडे, मान उजवीकडे. डोळे मिटायला सांगितलं की त्या घट्ट मिटायच्या आणि उघडायच्याच नाहीत, हे म्हणायचे, "आई, निजलीस काय गं?" नाव सांगायचं मी शिकवलंच नाही. स्वतःचं नाव काय शिकवायचं?

दुपारी ओटीवर पाट मांडला, त्यावर पिठाचा डबा आणि डब्याला टेकून फोन. समोर सासूबाई, नवं पातळ नेसलेल्या, पदर डोक्यावरून. बाजूला मी, दाराशी हे. फोनवर एक मुलगी आली, कानाला हेडफोन लावलेली, पोरसवदा. गोड बोलत होती.

"नमस्कार मॅडम. आपलं संपूर्ण नाव सांगा. कार्डवर आहे तसंच."

सासूबाईंनी आपलं नाव सांगितलं. नुसतं.

"संपूर्ण सांगा, मॅडम."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं घाबरल्या, विसरल्या. मी हळूच, त्यांना ऐकू जाईल इतपतच, पूर्ण नाव सांगितलं. मुलीचा चेहरा लगेच बदलला. "मागून कोण बोलतंय? सॉरी मॅडम, खातेदाराला कोणी सांगून चालत नाही." आणि फोन काळा झाला. थोड्या वेळानं संदेश आला की पडताळणी अयशस्वी.

मी चिडलेच. "आई, सोताचं नाव सांगता येत नाय तुमाला?"

"सांगितलं की मी."

"सगलं कुटं सांगितलं?"

त्यांनी पदर सारखा केला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मीच कपाळाला हात लावला.

आपल्याकडे बाईचं पूर्ण नाव म्हणजे आधी तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. सासूबाईंच्या पिढीनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलेलं नाही. त्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. सासऱ्यांचं नाव देवाचं होतं. गणपतीत आरती म्हणताना ते आलं की सासूबाईंची टाळी चालू राहायची आणि तेवढ्यापुरतं तोंड मिटायचं, हे मी लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी पाहिलं होतं आणि नणंदेबरोबर खुसूखुसू हसलेही होते. पण याचा अर्थ त्यांनी स्वतःचं पूर्ण नावही आयुष्यात कधी उच्चारलेलं नाही, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रेशन कार्डाला सासऱ्यांनी सांगितलं, मतदानाला तिथल्या अधिकाऱ्यानं वाचलं, दवाखान्यात मी सांगितलं, आधार केंद्रावर मीच चिठ्ठीवर लिहून दिलं. कोणी ना कोणी कायम शेजारी होतं. बँकेला नेमकं तेच नको होतं.

मीसुद्धा ह्यांना घरात अहो म्हणते. पण दुकानात पावत्यांवर माझ्या नावापुढं ह्यांचं नाव दिवसातून कितीदा लिहिते, कुणी विचारलं तर खाडकन सांगते. माझ्या पिढीला त्यात काही वाटत नाही. त्यामुळे मला हे अडसर म्हणून दिसलंच नव्हतं.

"मंग उखान्यात घ्या," मी म्हटलं. माझ्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता. "त्या पोरीला काय, नाव ऐकू आल्याशी मतलब."

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला आपण काय बोललो ते कळायच्या आत लाज वाटली. "मला कोन उखाना विचारतं गं आता?" त्या म्हणाल्या. "हलदीकुंकवाला बोलवतं का कोन?"

हे खरं होतं. सासरे असताना नाव घ्यायला सासूबाईंना कुठल्याही लग्नात पुढं ढकलायचे. लांबलचक उखाणे, आणि नाव आलं की पदर तोंडावर. सासरे गेले आणि कुणी विचारायचं बंद झालं. कुणी मुद्दाम ठरवलं नाही, माझ्यासकट सगळ्यांनी विचारायचं सोडून दिलं इतकंच.

दुसऱ्यांदा कॉल लावला तेव्हा मी तोंडाला कुलूप घातलं. यावेळी दुसरी मुलगी होती, बोलायला मोकळी. सासूबाईंनी आपलं नाव सांगितलं आणि धीर करून एकदम आडनावावर उडी घेतली.

"आणि मधलं नाव, आजी?"

"ते तुमाला दिसतंय की कार्डावर."

"मला दिसतंय. पण तुम्ही सांगायला हवं."

"तुमी वाचा. मी हां म्हनते."

ती मुलगी हसली. वाईट नाही हसली, तिलाही बहुतेक कळलं असावं, तिच्या घरात कुणी असेल अशी म्हातारी. "आजी, सगळं रेकॉर्ड होतं," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून आलं पाहिजे. सांगा ना, एकदाच."

सासूबाईंनी तोंड उघडलं. मी श्वास रोखून बघत होते, दाराशी हेही मान पुढं काढून उभे होते. सासूबाईंची नजर फोनवरून माझ्याकडे आली, माझ्यावरून मुलाकडे गेली, आणि तोंड मिटलं. मग त्या भिंतीकडे बघायला लागल्या. त्या मुलीनं बराच वेळ वाट पाहिली आणि माफी मागून फोन ठेवला. आता पुन्हा अर्ज करायचा तर काही आठवडे थांबा, नाहीतर पनवेलच्या शाखेत समक्ष या, असा संदेश आला.

त्या संध्याकाळी मी चुलीशी भाकऱ्या थापत होते आणि त्या भाजत होत्या. माझा पारा उतरला नव्हता. दुकान बंद ठेवून दोन दुपारी मी यात घातल्या होत्या. बोलू नये ते बोलले. म्हटलं, "आई, बाबांना जाऊन किती पावसाले झाले. आता कुनाचं आयुष्य कमी होनार हाय?"

सासूबाईंनी भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत थांबल्या, काढून टोपलीत ठेवली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "नाव घेतलं म्हंजी हाक मारल्यासारकं होतं गं. हाक मारायची, आनि यायचं कोनी नाय."

धूर डोळ्यात गेला म्हणून मी पदरानं डोळे पुसले, पण तो काही सगळा धूर नव्हता. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना सांगून टाकलं की खात्याचं नाव आता या घरात काढायचं नाही. चालू द्या तुमच्याच स्कॅनरवर. हे म्हणाले, मी रोजचे पैसे संध्याकाळी तिच्या हातात ठेवत जाईन, न मागता. तसे ठेवायलाही लागले. सासूबाई घ्यायच्या आणि देवघरातल्या डब्यात टाकायच्या, मोजायच्याही नाहीत.

पुढं कापणी आली आणि त्या गडबडीत सगळंच मागं पडलं. भात घरात आलं, पेंढा रचून झाला, आणि एका सुट्टीच्या सकाळी सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "लाव गं तो फोन."

मी बघतच राहिले. "कुटला?"

"बँकेतल्या पोरीचा. पन तुमी दोगं घरात नको."

"आई, कार्ड दाखवायचं असतं, रांगेत थांबायला लागतं, मधीच रेंज गेली तर..."

"शिकवलंस ना मला? मंग. जा तुमी खल्यावर. ह्यालापन ने."

मी अर्ज पुन्हा भरून दिला, फोन पिठाच्या डब्याला टेकवला, 'कृपया प्रतीक्षा करा' असं आलं आणि त्याचं ते वाजंत्र सुरू झालं तशी मी उठले. सासूबाईंनी दार आतून ओढून घेतलं. दिवसाढवळ्या आमच्या घराचं दार लावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आम्ही दोघं खळ्यावर पेंढ्याला टेकून बसलो. माझा जीव टांगणीला. रेंज असेल का, कार्ड उलटं तर धरणार नाहीत, डोळे मिटून बसल्या तर सांगणार कोण. घरातून एक शब्द ऐकू येत नव्हता. हे गवताची काडी चावत होते. मधेच म्हणाले, "मीपन आईच्या तोंडून बाबांचं नाव कदी ऐकलं नाय. म्हंजी उखान्यात ऐकलं असंल ल्हानपनी. पन असं नाय."

"मंग आजपन ऐकू नका," मी म्हटलं, आणि ते म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं. इतके दिवस मी बँकेच्या नियमाला शिव्या घालत होते, म्हाताऱ्या माणसाला एकटं बसवायला लावतात म्हणून. पण सासूबाईंना एकटंच बसायचं होतं. कुठल्यातरी गावच्या अनोळखी पोरीपुढं त्या ते नाव घेऊ शकत होत्या. सून आणि मुलगा टक लावून बसलेले असताना त्यांच्याच्यानं ते होत नव्हतं, आणि आम्ही दोन्ही वेळेला हौसेनं समोर बसलो होतो.

दार उघडलं तेव्हा ऊन अंगणात पसरलं होतं. सासूबाई फोन दोन्ही हातांत धरून ओट्यावर आल्या.

"झालं म्हनाली ती."

"नाव सांगितलंत?"

"दोनदा सांगायला लावलं तिनं. पयल्या वेलेस आवाज नाय गेला." एवढंच म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात देऊन न्हाणीत गेल्या. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मी चहा टाकला. मला इतका आनंद झाला होता, की साखर दोनदा घातली. चहा सगळ्यांनी तसाच प्यायला.

नवा स्कॅनर मी स्वतः छापला, जाड कागदावर, पाण्यानं खराब होऊ नये म्हणून दुहेरी लॅमिनेशन करून. जुना काठीवरून उतरवून हा बांधला. आणि दुकानातल्या सवयीनं सासूबाईंना चांगला पाऊण तास भाषण दिलं. लोक पैसे पाठवल्याचं खोटंच दाखवतात. कुणी फोन दाखवला तरी विश्वास ठेवायचा नाही, आधी नाव काय आलंय ते विचारायचं. आपलंच पूर्ण नाव आलं असेल तर माल द्यायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली.

वालाच्या शेंगांचा हंगाम सुरू झाला तेव्हा एका रविवारी दुकान बंद करून मी धरणावर गेले. वाटेवर गर्दी होती. थोडी लांब, वडाच्या पारावर बसून मी बघत होते, म्हाताऱ्या बाईला कुणी फसवत तर नाही ना म्हणून. कॉलेजच्या पोरींचा घोळका आला. सासूबाईंनी चष्मा लावून तराजूचा काटा बघितला, शेंगा पिशवीत ओतल्या. एका पोरीनं फोन स्कॅनरवर धरला. तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा काढून कमरेला खोचला.

"काय नाव आलं गं? मला दिसत नाय नीट. वाचून दाव."

त्या पोरीनं वाचलं. शाळेतला धडा वाचावा तसं, मोठ्यानं, तीनही नावं. मधलं नाव मला पारापर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

"हां," सासूबाई म्हणाल्या. "तेच."

पोरी गेल्या. मग एक जोडपं आलं, मग मोटारसायकलवाले दोघं. दर वेळी वजन करून झालं की चष्मा कमरेला जायचा आणि दर वेळी तोच प्रश्न. माणसं वाचून दाखवायची, कुणी भरभर, कुणी अडखळत, एकजण तर अमराठी होता, त्यानं आपल्या पद्धतीनं वाचलं. सासूबाई मान थोडी कलती करून ऐकायच्या आणि हां, तेच, म्हणायच्या. मी दिलेली शिकवण त्या तंतोतंत पाळत होत्या. मला आधी त्याचाच अभिमान वाटला. दोन-चार गिऱ्हाइकं झाल्यावर मात्र मी पारावरून उठलेच नाही, आणि त्यांना हाकही मारली नाही.

मागच्या महिन्यात कर्जतच्या बाजारात सगळ्या भाजीवाल्यांकडे तो बोलणारा डबा आला, पैसे आले की मोठ्यानं सांगणारा. गिऱ्हाइकाला काही विचारायलाच नको. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुमाला एक घेऊन देते. चष्म्याची कटकट नाय, कोनाला इचारायला नको. आपोआप बोलतो."

सासूबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "नाव बोलतो काय त्यो?"

"नाव नाय. नुसते पैसे किती आले ते."

"मंग नको मला," त्या म्हणाल्या, आणि किडकी शेंग बाजूला टाकून पुढची उचलली.